तेवीस नंबरची लाल चिठ्ठी

रविवारी सकाळी आप्पांच्या मुलाने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि भिंतीवर एक तक्ता चिकटवायला घेतला. सूनबाई चहाचा कप घेऊन सोफ्याच्या कडेला टेकली. नात जांभया देत जमिनीवरच बसली. आप्पा मात्र शर्टाची वरची गुंडी लावून खुर्चीत ताठ बसले होते. मीटिंग म्हटली की त्यांना अजूनही गुंडी लावावीशी वाटे.

मुलगा नळ बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होता. तीन महिन्यांपूर्वी त्याने तिथे लाल चिठ्ठीची पद्धत सुरू केली होती आणि तिने म्हणे चमत्कार घडवला होता. दोन खोल्या रिकाम्या झाल्या, चार वर्षं हरवलेली शिडी सापडली, आणि एका कोपऱ्यात तर असं यंत्र निघालं की ते कशाचं आहे हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. एवढं यश मिळाल्यावर माणूस कारखान्यात थांबतो थोडाच? तो घराकडे वळतो.

"सोपं आहे," मुलगा म्हणाला. "ज्याचा वर्षभरात काही उपयोग झाला नाही, त्याला लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त नंबर आणि तारीख. कुठला नंबर कशाचा, ते माझ्या लॅपटॉपमध्ये. सात दिवस चिठ्ठी लटकत राहणार. ज्याला ती वस्तू हवी असेल त्याने चिठ्ठीवर सही करायची. किंवा तेवढ्या दिवसांत ती वापरात आली, तरी चिठ्ठी रद्द. नाहीतर पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला भंगारात."

"आणि वस्तू माझ्या माहेरची असेल तर?" सूनबाईने विचारलं.

"तसा रकाना नाहीये."

"मग तो आधी घाल. बाकीचं नंतर बोलू."

नवरा-बायकोचं जुंपणार अशी चिन्हं दिसायला लागली, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. मागणीपत्राशिवाय त्यांच्या हातून कधी खिळा सुटला नव्हता. एकदा खुद्द मुख्य इंजिनिअरला त्यांनी एका वॉशरसाठी पाऊण तास उभं केलं होतं, कारण साहेबांनी सही केली होती पण तारीख घातली नव्हती. मुलगा मोठा होऊन असं काही करील अशी त्यांना आशा नव्हती, म्हणून आज त्यांचा ऊर भरून आला होता.

"एक दुरुस्ती सुचवतो," आप्पा म्हणाले. "या सात दिवसांत चिठ्ठीबद्दल कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. शिफारस नाही, रदबदली नाही. हवं असेल त्याने मुकाट्याने सही करावी. नाहीतर काय होतं, माणसं येऊन रडतात. आमच्याकडे एक मेकॅनिक फुटक्या रेडिएटरसाठी रडला होता."

"मंजूर!" मुलगा म्हणाला.

"आणि मुदत म्हणजे मुदत. दहा वाजून एक मिनिटाने कुणी सही करायला आलं, तर चालणार नाही."

"मंजूर!"

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे जगात पुष्कळ असतात. पण आधी धोंडा सुचवायचा, तो सर्वानुमते मंजूर करून घ्यायचा आणि मग पाय पुढे करायचा, हे आप्पांनाच जमू शकतं.

दुपारी जेवण झाल्यावर आप्पा नेहमीप्रमाणे बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन पडले. गार वारा होता म्हणून त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. दुपारच्या वेळी आप्पा झोपत नसत, ते बंद पडत. शेजारच्या इमारतीचं खोदकाम चालू असताना त्यांनी सुरुंगसुद्धा झोपेत काढला होता. चार वाजता त्यांना जाग आली. डोळे चोळायला त्यांनी उजवा हात वर केला, तर हाताबरोबर काहीतरी लाल वर आलं.

मनगटाभोवती सुतळीचे दोन वेढे होते, पक्की गाठ होती आणि गाठीला चिठ्ठी लटकत होती. नंबर तेवीस. खाली आजची तारीख आणि मुलाची सही.

आप्पांनी आधी सगळ्या शक्यता तपासल्या, कारण घाईने निष्कर्ष काढणं स्टोअरकीपरला शोभत नाही. थट्टा असावी का? पण मुलाने शेवटची थट्टा सातवीत केली होती आणि नंतर दोन दिवस तो त्याबद्दल माफी मागत होता. चिठ्ठी स्वेटरची असावी? स्वेटर गेल्याच महिन्यात सूनबाईने आणला होता. मग खुर्चीची? खुर्ची तर रोज वापरात. दुपारी दोन ते चार, शिवाय सकाळी पेपर वाचताना. बाकी उरलं कोण? वर्षभरात ज्याचा काही उपयोग झालेला नाही, असं त्या खुर्चीत काय होतं? आप्पांनी पुन्हा मनगटाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण सही जागच्या जागी होती, तारीख घातलेली होती, आणि कागदात खोट काढायला कुठे जागा नव्हती.

आत जाऊन सरळ विचारावं, असं कुणालाही वाटेल. पण विचारायचं नाही, हा नियम कुणाचा? रडणाऱ्या मेकॅनिकला इतकी वर्षं हसलेला माणूस आता कोणत्या तोंडाने विचारणार? आप्पांनी सुतळी सैल करून चिठ्ठी बाहीच्या आत सरकवली आणि ते बागेत गेले.

बागेतल्या बाकावर त्यांचा मित्र बसलेला होता. एका दवाखान्यात त्याने जन्मभर औषधं बांधून दिली होती, म्हणून सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी करून पाहिली. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"सही तुझ्या मुलाचीच आहे," तो म्हणाला. "दबावाखाली केलेली वाटत नाही."

"ते मलाही दिसतंय."

"अरे, मग विचार ना त्याला सरळ! तोंड नाही का तुला?"

"बोलायचं नाही असा नियम आहे."

"कुठल्या गाढवाने केला?"

आप्पा चिठ्ठी परत बाहीत सरकवू लागले. कंपाउंडरला कळलं आणि त्याने विषय बदलला. "बरं, सुटकेचा मार्ग काय लिहिलाय?"

"कुणीतरी सही करायला हवी. नाहीतर सात दिवसांत वस्तू वापरात यायला हवी."

"मग वापरात ये! हातपाय धड आहेत ना?" कंपाउंडर म्हणाला. "उद्यापासून असा उपयोगी पड, की घर थक्क झालं पाहिजे."

कंपाउंडरच्या हातून आयुष्यात औषध चुकलं नव्हतं, सल्ला मात्र हा पहिलाच चुकला. पण आप्पांना त्याने हुरूप आला, हे नाकारता येत नाही.

सोमवारी सगळे बाहेर पडल्यावर आप्पांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. तिथे कसलीच शिस्त नव्हती. डाळीशेजारी डाळ नव्हती, चमच्यांत पाना निघाला, आणि कॉफीच्या डब्यात कॉफी होती पण त्यावर बिस्किटं असं लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत आप्पांनी सगळे डबे रिकामे केले, धुतले, भरले आणि त्यांना अक्षरं-आकडे चिकटवले. नावं मुद्दाम लिहिली नाहीत. स्टोअरमध्ये नावं लिहिली की चोऱ्या होतात.

मंगळवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात आली. ती दातांची डॉक्टर होती आणि आठ वाजता तिचा पहिला पेशंट तोंड उघडून बसायचा.

"आप्पा, साखर कुठाय?"

"क-तीन."

"काय?"

"कप्पा क, डबा तीन. थांब, तू नको काढू, मी देतो." आप्पांनी स्टुलावरची वही उघडली. "किती हवी?"

"दोन चमचे! आप्पा, मला उशीर होतोय."

"दोन चमचे. कारण?"

"चहा!"

"चहा कशासाठी, स्वतःसाठी की सगळ्यांसाठी? बरं, ते राहू दे. इथे सही कर."

सूनबाईने सही केली. चिठ्ठीवर नाही, वहीत केली. आप्पांनी आशेने बाहीतून चिठ्ठीचं टोक बाहेर काढून ठेवलं होतं, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. मग आप्पांची वाट न बघता घाईत तिने क-तीनऐवजी ख-तीन उघडला आणि मिठाचा चहा पिऊन ती दवाखान्यात गेली. त्या दिवशी तिने एका पेशंटचा दुखरा दात सोडून शेजारच्या दाताला हात घातला होता, असं नंतर कळलं. पेशंट ओरडला म्हणून थोडक्यात निभावलं.

आप्पांनी एक गोष्ट मात्र शिस्तीने सुरू केली होती. चिठ्ठी दिसेल अशी लटकली पाहिजे, हे तक्त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मनगटाला लटकवून घरभर हिंडायची त्यांना लाज वाटे. म्हणून आंघोळीला जाताना ते चिठ्ठी खोलीच्या दारावरच्या हुकाला अडकवत आणि शेजारी दोरीने पेन बांधून ठेवत. अंगावर पाणी घेता घेता त्यांचे कान दाराकडे असत. बाहेर पावलं वाजत, थबकत, पुढे जात. बाहेर आल्यावर ते आधी चिठ्ठी बघत आणि मग डोकं पुसत. बुधवारी बघतात तो दोरी कापलेली, पेन नाही! कुणी सही केली की काय! चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, तर कोरी. पेन नातीने परीक्षेला नेलं होतं.

बुधवारचा दिवस पुढे आणखी वाईट जायचा होता. त्याची तयारी आप्पांनी मंगळवारीच करून ठेवली होती. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर टपटप गळत होता. नळाच्या कारखान्याचा मॅनेजर घरात असताना नळ गळतो, याला काय म्हणावं? मुलाच्या टेबलाखाली एका खोक्यात कोराकरकरीत नळ पडलेला आप्पांना दिसला. खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं, याबद्दल त्यांनी मनातल्या मनात मुलाचे मार्क कापले. मग जुना नळ काढला, नवा बसवला, जुना पुसून खोक्यात ठेवला आणि त्यावर नीट चिठ्ठी लावली. टपटप थांबली. आप्पांनी नळाखाली हात धरून पाच मिनिटं शांतता ऐकली.

बुधवारी संध्याकाळी मुलगा घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आप्पा, माझ्या खोक्यातला नळ कुठाय?"

"बसवला की! जुना जागेवर ठेवलाय. चिठ्ठी लावली होती, वाचली नाहीस?"

"वाचली. बारा माणसांपुढे मोठ्याने वाचली." मुलाने खिशातून कागद काढला. "'जुना. गळका. कामाचा नाही. कळावे, आप्पा.' गिऱ्हाइकाचे लोक आले होते आज. त्यांनी परत पाठवलेला नळ होता तो. त्यात काय बिघाड आहे, ते मी त्यांना उघडून दाखवणार होतो."

"आणि तू खोकं उघडून न बघता मीटिंगला नेलंस?" आप्पांच्या तोंडून निघून गेलं. मग ते जरा नरमले. "तसा चांगला चाललाय रे. एक थेंब गळत नाही. तक्रार काय होती त्यांची?"

"तो गळत नाही. आत दाब साठतो आणि दुसऱ्या दिवशी—"

पुढचं मुलाला सांगावं लागलं नाही. ओट्याकडून बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, नळाचं डोकं छतावर आपटून पिठाच्या डब्यात पडलं, आणि मागोमाग पाण्याचा खांब उभा राहिला. मुख्य चावी कुठे आहे ते फक्त आप्पांना माहीत होतं. ते धावले, आणि चावी बंद करेपर्यंत घोटाभर पाणी झालं. मुलगा चिंब होऊन ओट्याला टेकून उभा होता.

"दुसऱ्या दिवशी उडतो," त्याने वाक्य पुरं केलं.

एवढं झाल्यावर दुसरा एखादा माणूस गप्प बसला असता. पण दुसऱ्याच्या मनगटाला चिठ्ठी नव्हती. गुरुवारी आप्पा घराच्या दाराशी स्टूल टाकून बसले आणि त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद सुरू केली. नातीच्या तीन मैत्रिणी आणि एक मित्र अभ्यासाला आले. त्यांनी नाव, वेळ आणि कारण लिहिलं. जाताना आप्पांनी पिशव्या तपासल्या. मित्राच्या पिशवीत नातीचं पुस्तक निघालं.

"हे बाहेर नेताय, गेटपास कुठाय?"

"आजोबा, तिनेच दिलंय वाचायला."

"असेल. लेखी आहे का?"

मित्र पुस्तक ठेवून गेला. नात दारात उभी राहिली, तिने आजोबांकडे बघितलं, आणि खोलीत जाऊन दार लावलं. लहानपणी ती याच आजोबांच्या पाठुंगळी बसून घरभर हिंडायची. आप्पांनी वही मिटली. आता वहीत लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सूनबाई त्यांच्यासमोर खाली बसली. तिने चक्क हात जोडले.

"आप्पा, तुमची काही चूक नाही. पण तुम्ही काही करू नका. प्लीज. नुसते बसा."

तिने ते प्रेमाने म्हटलं होतं, आप्पांनाही ते कळलं. पण नुसते बसा म्हणजेच वापरात नाही. सूनबाईने अहवाल दिला होता. त्या दिवशी आप्पा नुसते बसले. दुपारी खुर्चीत पडले, पण बंद पडले नाहीत.

शनिवारी त्यांनी धाकट्या बहिणीला फोन केला. बहीण दुसऱ्या गावात एकटी राहत असे.

"ये की रे दादा, घर तुझंच आहे," ती म्हणाली. "फक्त वह्या आणू नकोस. मागच्या खेपेला मला माझ्याच कपाटातून टॉवेल घ्यायला सही करावी लागली होती."

फोन ठेवल्यावर आप्पांनी पिशवी भरली. मग ते टेबलाशी बसले. जाणाऱ्या माणसाने चार्ज देऊन जायचं असतं. आपल्याकडे जे जे काम आहे त्याची यादी करायची आणि मागे राहणाऱ्याच्या हाती सोपवायची. आपल्याकडे असं काय आहे, चार ओळींत आटपेल, असं म्हणत त्यांनी तीन कागदांत कार्बन घातला आणि लिहायला सुरुवात केली. चष्मा पुसायला म्हणून ते थांबले, तेव्हा तिसरं पान चालू होतं.

रविवारी पावणेदहाला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. सूनबाईने माहेरच्या दोन वस्तूंवर सह्या केल्या होत्या. नातीने एका मोडक्या गिटारवर सही केली होती. बाकीच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. दहाचे ठोके पडले तसा मुलगा लॅपटॉप हातावर धरून नंबर पुकारू लागला आणि भंगारवाला एकेक वस्तू उचलू लागला.

"एकवीस?"

"ही बघा, इस्त्री."

"बावीस?"

"पेटी. नेली."

"तेवीस? तेवीस कुठाय? बाल्कनीत बघ."

"बाल्कनीत चिठ्ठी लावलेलं काही नाही, साहेब."

"असं कसं? मी स्वतः लावलीय. तेवीस नंबर!"

"हजर," आप्पा म्हणाले.

ते खोलीच्या दारात उभे होते. अंगावर धुतलेला शर्ट, वरची गुंडी लावलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या मनगटाला लाल चिठ्ठी. ते भंगारवाल्याकडे वळले. "जाता जाता मला बसस्टँडवर सोडाल का?"

भंगारवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजोबा, पुढे बसा हवं तर. पण मी माणसं घेत नाही."

"आप्पा, हे काय?" मुलाने जवळ येऊन चिठ्ठी धरली. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. "तेवीस म्हणजे माझी व्यायामाची सायकल! बाल्कनीत तुमच्या खुर्चीला लागून आहे ती. वर्षभर पाय लावला नाही मी तिला. कारखान्यातून फोन आला होता, मान वाकडी करून बोलत होतो... तुमचा हात हॅन्डलवर होता का? बाहीत? मला काय माहीत, मी हॅन्डल समजून—"

"आणि तुम्ही आठवडाभर ही घालून फिरताय?" सूनबाई किंचाळली. "म्हणून ते डबे? आणि तो नळ?"

"वापरात यायचा प्रयत्न केला," आप्पा म्हणाले. "जमलं नाही."

नात एकदम पुढे आली. तिने आप्पांचा हात ओढला. "द्या ती चिठ्ठी. मी करते सही. पेन कुठाय?"

आप्पांनी हात मागे घेतला. "किती वाजले?"

"आजोबा!"

"दहा वाजून सात. मुदत संपली." त्यांनी दारावरच्या हुकाकडे बोट केलं. "चिठ्ठी चुकून लागली असेल. तो भाग वेगळा. पण सात दिवस रोज सकाळी ती दारावर होती. पेनसुद्धा होतं. सही कुणी केली नाही."

"मला वाटलं, तो हुक काढायचाय," सूनबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आप्पांनी पिशवीतून कागद काढले, एक प्रत मुलाला दिली, एक सूनबाईला, आणि तिसरी स्वतःकडे ठेवली. "चार्जची यादी. वाचून घे, म्हणजे मी मोकळा."

मुलगा वाचू लागला. पहिल्या ओळी मोठ्याने, मग हळूहळू पुटपुटत. सहा वाजता दूध घेणे, दूधवाला बेल वाजवत नाही, चपलांचा आवाज ओळखावा. सूनबाईच्या गाडीच्या चाकातली हवा बघणे, ती बघत नाही. चार शेजाऱ्यांच्या किल्ल्या, कुठली कुणाची ते मागे लिहिलं आहे. पश्चिमेची खिडकी आधी वर उचलून मग लावणे, नाहीतर काच सुटते. नातीची परीक्षा असली की बसथांब्यापर्यंत मागून जाणे, तिला कळू न देणे. अशी एकेचाळीस कामं होती. शेवटच्या ओळीशी मुलगा थांबला.

"'मुलाची रक्तदाबाची गोळी. रात्री पाण्याच्या पेल्याजवळ ठेवणे,'" त्याने वाचलं. "ही मीच ठेवतो ना?"

"तसंच वाटायला हवं," आप्पा म्हणाले. "खाली सही कर. चार्ज घेतला म्हणून."

मुलाने कागद खाली केला. हा माणूस विनवण्यांनी थांबायचा नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. मुख्य इंजिनिअरच्या विनवण्या तिथे चालल्या नव्हत्या. त्याने यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "मी चार्ज घेत नाही."

"म्हणजे?"

"नाही घेत. एकेचाळीस कामं आहेत. माझ्याने होणार नाहीत."

आप्पा सूनबाईकडे वळले. "मग तू घे."

"मला दवाखाना आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "मीही नाही घेत."

"मला तर आत्ता कळलं, तुम्ही मागून येता म्हणून," नात म्हणाली. "मी कशी घेणार?"

आप्पा पेचात पडले. घेणारा नसेल तर देणाऱ्याला जागा सोडता येत नाही, हे कुठल्याही स्टोअरमध्ये शिपायालाही ठाऊक असतं. याच कारणाने ते स्वतः निवृत्तीनंतर चार महिने वर्कशॉपमध्ये जात होते. भंगारवाल्याने विचारलं, "आजोबा, येताय ना?" त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"तोंडी नकार चालत नाही," ते मुलाला म्हणाले. "लेखी दे."

मुलाने यादीच्या तळाशी लिहिलं, 'चार्ज घेण्यास नकार.' खाली तिघांनी सह्या केल्या. आप्पांनी चष्मा वर सरकवून कागद तपासला.

"नकार कधीपर्यंत? मुदत घातलेली नाही."

"घालत नाही," मुलगा म्हणाला.

"मग कागद अपूर्ण राहील."

"राहू दे, आप्पा."

आप्पांनी तिन्ही सह्या पुन्हा एकदा पाहिल्या. त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर इतकं बरं त्यांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. पण ते कुठे दाखवायचं नव्हतं. छत्तीस वर्षांत अपूर्ण कागदावर त्यांनी एक स्क्रू जागचा हलू दिला नव्हता. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, भंगारवाल्याला बाल्कनीतल्या सायकलकडे बोट दाखवलं, आणि पिशवी उचलून ते आपल्या खोलीत गेले.